नाताळात विश्वास केंद्रस्थानी कसा राहील? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नाचा सारांश प्रथम मांडतो, म्हणजे मी तो नीट समजून घेतला आहे की नाही हे तुम्हाला कळेल. तुमचा मुलगा 14 वर्षांचा आणि मुलगी 9 वर्षांची आहे. नोव्हेंबर संपत आला की खरेदी, सजावट, शाळेतील कार्यक्रम आणि मंडळीतील सराव यांची रांग लागते, आणि 24 डिसेंबरच्या रात्री उपासनेत बसल्यावर, तुमच्याच शब्दांत, "माझ्यात काहीच उरलेले नसते". यजमान उपासनेला क्वचितच येतात, पण घरातील प्रार्थनेला त्यांचा विरोध नाही. या वर्षी सजावट, भेटवस्तू आणि सांताक्लॉज हे सारे बंदच करून टाकावे का, असे तुम्ही विचारले आहे.

बंद करू नका. निदान तेथून सुरुवात करू नका. गेली 31 वर्षे मी पाळकीय सेवेत आहे आणि या प्रश्नाला मीही पूर्वी वेगळे उत्तर देत असे. झगमगाट कमी केला की ख्रिस्त आपोआप दिसू लागेल, असे मला वाटायचे. अनेक घरांमध्ये जाऊन पाहिल्यावर माझे मत बदलले. ज्या घरांनी केवळ काढून टाकण्यावर भर दिला, त्या घरांत डिसेंबर शांत झाला, पण त्या शांततेत ऐकायला काही ठेवलेले नव्हते, आणि मुलांच्या मनात एवढेच राहिले की विश्वास म्हणजे इतरांना मिळते ते आपल्याला न मिळणे.

इतिहासातही हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटन या कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट लोकांनी 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा 1681 साली मागे घेतला गेला. ते लोक विश्वासात कच्चे नव्हते. सण पाळण्याची आज्ञा शास्त्रात नाही आणि सणाच्या नावाखाली दारू व धिंगाणा चालतो, ही त्यांची तक्रार प्रामाणिक होती. परंतु दंडाने एखादा दिवस रिकामा करता येतो, तो कोणाच्या जन्मामुळे मोठा आहे हे अंतःकरणात रुजवता येत नाही.

माझ्या अनुभवाप्रमाणे खरी अडचण बाजारात नाही. ख्रिस्तजन्माचा देखावा आपल्याला तोंडपाठ आहे, पण शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातील, वृत्तांत आपण जवळून वाचलेला नसतो, ही ती अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, तयारीच्या वर्गात मी बारा मुलामुलींना कोरे कागद दिले आणि पवित्र शास्त्र न उघडता ख्रिस्तजन्माची हकिकत लिहायला सांगितली. दहा मिनिटांत बहुतेकांचे कागद भरले. गाढवावर बसलेली मरीया, दार लावून घेणारा उतारशाळेचा मालक, गोठ्यातील बैल, मुकुट घातलेले तीन राजे, सारे काही त्यांत होते. मग लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांचे दुसरे अध्याय उघडायला सांगितले आणि जे वचनांत सापडणार नाही त्यावर पेन्सिलीने रेघ मारायला लावली. गाढव गेले. उतारशाळेचा मालक गेला. बैल गेला. राजे गेले, कारण मत्तय त्यांना मागी लोक, म्हणजे पूर्वेकडील ज्ञानी, म्हणतो, आणि तीन हा आकडाही गेला, कारण मत्तयाने दाने तीन सांगितली आहेत, माणसे किती होती ते सांगितलेले नाही. एक मुलगी जवळजवळ रडवेली होऊन म्हणाली, "पाळकसाहेब, मग उरले काय?"

मी तिला लूकच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणी हा शब्द किती वेळा येतो ते मोजायला सांगितले. तो तीनदा येतो: सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या वचनात. तिने तिन्ही ठिकाणी बोट ठेवले आणि बाराव्या वचनावर ती थांबली, कारण तेथे दूत मेंढपाळांना सांगतो की बाळंत्याने गुंडाळलेले व गव्हाणीत ठेवलेले बालक ही तुमच्यासाठी खूण आहे. तारणारा, ख्रिस्त, प्रभू अशी तीन मोठी नावे आदल्या वचनात उच्चारून झाल्यावर दूताने खूण दिली ती जनावरांच्या चाऱ्याच्या जागेची. "म्हणजे देवाने मुद्दामच अशी जागा निवडली?" असे तिने विचारले. त्या एका प्रश्नाने त्या वर्षीचा माझा नाताळ उजळून गेला, आणि पुढे मी घरोघरी जो सल्ला देऊ लागलो तो त्या दिवसातून निघाला.

देखाव्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्याचा उगम पाहिला तर तो वृत्तांत ऐकवण्यासाठीच मांडला गेला होता असे दिसते. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गवत घातलेली गव्हाणी मांडली, शेजारी बैल आणि गाढव उभे केले आणि त्याच ठिकाणी पवित्र मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, झाली. फ्रान्सिस स्वतः डीकन, म्हणजे धर्मगुरूला साहाय्य करणारा दीक्षित सेवक, होता. त्याने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि जमलेल्या लोकांना प्रवचन दिले. बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत, तरी ते हवेतून आलेले नाहीत. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशा अर्थाचे यशया 1:3 मधील देवाचे गाऱ्हाणे त्यांच्यामागे आहे. तुमच्या घरच्या देखाव्यात ते दोन प्राणी ठेवताना हे वचन मुलीकडून वाचून घ्या, म्हणजे तिच्या हातातील मातीचा बैल तिच्याशी बोलू लागेल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. लूकच्या पहिल्या अध्यायात 80 आणि दुसऱ्यात 52 वचने आहेत. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात 25 आणि दुसऱ्यात 23 आहेत. येशूच्या जन्माची आणि बालपणाची शास्त्रात जी हकिकत आहे ती एवढीच, एकूण 180 वचनांची. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि मागी लोकांच्या भेटीची आठवण करणारा प्रकटीकरणाचा सण 6 जानेवारीला असतो, म्हणजे 35 ते 41 दिवस हाताशी असतात. रोज सुमारे पाच वचने मोठ्याने वाचली तर सारा वृत्तांत पूर्ण होतो, आणि त्याला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. काही कुटुंबे 1 ते 24 डिसेंबर या दिवसांत लूकचे 24 अध्याय रोज एक याप्रमाणे वाचतात. प्रौढांसाठी ती चांगली रीत आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीला एवढे मोठे वाचन पेलत नाही, आणि तुमच्या घरी सध्या लांबीपेक्षा सावकाशपणाची गरज अधिक आहे.

क्रम असा ठेवा. 24 डिसेंबरच्या आधी लूकचा पहिला आणि मत्तयाचा पहिला अध्याय संपवावा. मत्तयाची वंशावळ तुकड्यांत न वाचता एकाच दिवशी वाचावी आणि तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको ही चार स्थळे आली की मुलाला हात वर करायला सांगावे. या स्त्रिया त्या यादीत का आहेत, याची चर्चा चौदा वर्षांच्या मुलाबरोबर होऊ शकते आणि ती झालीच पाहिजे. या वयातील मुलांना गोड गोष्टींचा कंटाळा आलेला असतो आणि शास्त्र त्यांना खरे तर फार कणखर साहित्य देऊ करते. देवाचा पुत्र निष्कलंक घराण्यांच्या यादीतून आला नाही, परके, फसवले गेलेले आणि पापाने घायाळ झालेले लोक ज्या यादीत आहेत त्या यादीतून तो आला, हे त्याने चौदाव्या वर्षी वाचले तर पुढे स्वतःचे पाय घसरतील तेव्हा ते त्याला आठवेल.

24 तारखेच्या संध्याकाळी, उपासनेला निघण्यापूर्वी, लूक 2:1 ते 20 एकाच बैठकीत वाचावे. देखावा मांडलेला असेल तर तोपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवावी आणि सातवे वचन वाचून झाल्यावर मुलीने बाळाची मूर्ती तेथे ठेवावी. पुढे 6 जानेवारीपर्यंत लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा उरलेला भाग आणि मत्तयाचा दुसरा अध्याय पुरवावा.

या शेवटच्या भागाबद्दल मला आग्रहाने बोलायचे आहे, कारण बहुतेक घरांत नाताळ 25 तारखेच्या दुपारी संपतो आणि त्याचा सर्वांत खोल भाग न ऐकताच राहून जातो. मंडळीच्या प्राचीन परंपरेत ख्रिस्तजन्माचा काळ 25 डिसेंबरला सुरू होतो. जन्मानंतर योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात जातात तेव्हा होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले अर्पण करण्याचा उल्लेख लूक करतो. लेवीय 12:8 उघडून पाहा: ज्या बाळंतिणीला कोकरू आणण्याची ऐपत नसेल तिच्यासाठी ही सवलत होती. लूक "ते गरीब होते" असे कोठेही लिहीत नाही, तो फक्त दोन पक्ष्यांचा उल्लेख करतो. त्याच प्रसंगी मंदिरात आलेला शिमोन नावाचा भक्त बाळाला हातांत घेऊन देवाचे स्तवन करतो आणि लगेच मरीयेकडे वळून सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार भोसकून जाईल. वधस्तंभाची सावली अशी चाळीस दिवसांच्या बाळावर पडते. हे ऐकले नाही तर नाताळ हा एका गोंडस बाळाचा वाढदिवस होऊन बसतो, आणि वाढदिवसाला केक आणि भेटवस्तू पुरेशा असतात, विश्वासाची गरज उरत नाही.

येशूला मारण्यासाठी हेरोद राजाने केलेली बालहत्या मुलीसमोर वाचावी का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझे मत असे की वाचावी, थोडक्यात आणि आवाज न चढवता. येशूला घेऊन त्याचे आईबाप रातोरात मिसर देशाला पळून गेले, हे मुलांना समजते, कारण घर सोडून पळणाऱ्या कुटुंबांची चित्रे ती पाहतच असतात. मंडळी 28 डिसेंबरला त्या निष्पाप बालकांची आठवण करते. तुम्ही वृत्तांताच्या क्रमाने चालत असाल तर हा भाग मागी लोकांच्या नंतर वाचावा, आणि तो 6 जानेवारीच्या पुढे एकदोन दिवस गेला तरी काही बिघडत नाही.

सांताक्लॉजविषयी दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. निकोलस नावाचा बिशप चौथ्या शतकात मायरा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, होऊन गेला आणि 6 डिसेंबर हा त्याचा स्मरणदिन आहे. गुपचूप दान करणारा म्हणून परंपरा त्याला ओळखते. त्या दिवशी मुलांना त्याच्याबद्दल सांगा आणि तुमच्या कुटुंबाने कोणाला तरी नाव न कळवता काही द्यावे, म्हणजे लाल पोशाखामागचा माणूस त्यांना भेटेल. परंतु "शहाण्यासारखे वागलास तरच भेट मिळेल" हे वाक्य घरातून मात्र काढून टाका. मला त्यात मोठा धोका दिसतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्याला दिला गेला, हा शुभवर्तमानाचा गाभा आहे, आणि डिसेंबरभर मुलांना लायकीवर मिळणाऱ्या भेटीची गोष्ट सांगून 25 तारखेला कृपेचे प्रवचन ऐकवले तर त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? भेटवस्तू जरूर द्या, मुलाचे वर्तन चांगले नसेल तरीही द्या, आणि विचारले तर कारण सांगा.

तारखेच्या वादात आणि असल्याच दुसऱ्या भांडणांत वेळ घालवू नका. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे शास्त्र सांगत नाही. रोममध्ये 354 साली संकलित झालेल्या पंचांगात 25 डिसेंबरची नोंद आढळते, आर्मेनियन मंडळी 6 जानेवारीला जन्मोत्सव करते आणि जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या मंडळ्यांचा नाताळ सध्या 7 जानेवारीला येतो. तसेच कोणी "एक्समस" लिहिले म्हणून रागावण्याचे कारण नाही, कारण त्यातील एक्ससारखे दिसणारे अक्षर हे ख्रिस्त या ग्रीक शब्दाचे पहिले अक्षर आहे.

आता तुमच्या थकव्याबद्दल. तुमचे ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. यात आम्हा पाळकांचाही दोष आहे, हे मला येथे मान्य केले पाहिजे. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा आणि पश्चात्तापाचा काळ आहे असे आम्ही उपदेशात सांगतो आणि त्याच चार आठवड्यांत गायनमंडळाचे सराव, संडे स्कूलची नाटिका, स्त्रियांची सभा आणि भेटीगाठी इतक्या दाटीने भरतो की वाट पाहायला कोणाला उसंत राहत नाही. मी ज्या मंडळीत सेवा करतो तेथे काही वर्षांपूर्वी आम्ही नाटिका प्रकटीकरणाच्या सणाजवळ नेली आणि डिसेंबरमधील सभा निम्म्यावर आणल्या. सुरुवातीला कुरबूर झाली, पुढे सर्वांत जास्त आभार मातांनीच मानले. तुमच्या पाळकांशी तुम्ही याविषयी मोकळेपणाने बोलावे असे मला वाटते. आणि या वर्षी एका जबाबदारीला नम्रपणे नकार द्यावा. कोणत्या, ते तुम्हीच ठरवा, पण आगमनकाळ सुरू होण्याआधी ठरवा.

तरीही 24 तारखेला तुम्ही थकलेल्याच असाल. त्या रात्री मन भरून आले नाही म्हणून आपला विश्वास कमी पडला असे समजू नका. लूकच्या वृत्तांतात ताजेतवाने असे कोणीच नाही. मरीया लांबचा प्रवास करून आली आहे आणि नुकतीच बाळंत झाली आहे. मेंढपाळ रात्रपाळीवर आहेत. शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, असे योहान लिहितो, आणि त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. आपल्या भावना उंचावतील तेव्हा येईन असे त्याने म्हटले नाही. तो आला, आणि तुम्ही डोळे मिटत मिटत ऐकलेले शुभवर्तमान तितकेच खरे असते. ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी मंडळीचे शब्द वापरावेत. निकेया येथे 325 साली भरलेल्या परिषदेच्या विश्वासांगीकारात "आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी" तो खाली उतरला व देहधारी झाला, अशी कबुली आहे. कॅथलिक परंपरेत हा अंगीकार म्हणताना नाताळच्या दिवशी देहधारणाच्या शब्दांवर सारे लोक गुडघे टेकतात. मी त्या परंपरेतला नाही, पण गेली काही वर्षे 25 तारखेच्या पहाटे मी घरी एकटा असताना त्या शब्दांवर गुडघे टेकतो. थकलेल्या शरीराला ते करता येते.

26 डिसेंबर हा स्तेफनाचा स्मरणदिन आहे. विधवांना रोजच्या वाटणीत न्याय मिळावा म्हणून प्रेषितांच्या काळी जे सात जण निवडले गेले त्यांत तो होता, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. त्या दिवशी मुलांना घेऊन तुम्ही एखाद्या एकट्या व्यक्तीच्या घरी जावे असे सुचवतो, कारण 25 तारखेची गडबड ओसरली की अशा घरांतील शांतता फार जड होते. एका वर्षी आम्ही चारपाच जण एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो होतो. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा महिने झाले होते आणि घरात सजावटीची एकही वस्तू नव्हती. बरोबरच्या मुलाने लूकमधील शिमोनाचे गीत, ज्यात तो प्रभूला म्हणतो की आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देत आहेस, वाचायला घेतले, तेव्हा ते गृहस्थ डोळे मिटून त्याच्याबरोबर पाठ म्हणू लागले, आणि "शांतीने" या शब्दावर त्यांचा आवाज थांबला. मुलगाही थांबला. काही वेळाने त्यांनीच पुढचे शब्द उचलले आणि दोघांनी मिळून गीत पूर्ण केले. त्या मुलाला नाताळ म्हणजे काय हे मी त्याहून अधिक चांगले शिकवू शकलो नसतो.

यजमानांबाबत एवढेच सांगतो की उपासनेला येण्याचा आग्रह या काळात धरू नका. पाच वचने वाचून द्याल का, एवढेच विचारा. वडिलांच्या आवाजात ऐकलेले वचन मुलांच्या लक्षात राहते, आणि वाचणाऱ्याच्या मनातही ते उतरत असते. मुलाला प्रश्न विचारू द्या, उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि प्रश्न वहीत लिहून माझ्याकडे किंवा तुमच्या पाळकांकडे आणा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, जेथे थांबलात तेथून पुढे चला.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लूक 1:5 ते 10 वाचा. जखऱ्या आणि अलीशिबा वृद्ध झाली आहेत, त्यांना मूल नाही, जखऱ्या धूप जाळण्यासाठी मंदिरात गेला आहे आणि लोकांचा समुदाय बाहेर प्रार्थना करीत उभा आहे. मुलगी पुढे काय झाले म्हणून विचारील. पुस्तक मिटा आणि तिला सांगा की ते उद्या.